शेवटच्या सेकंदाचा शॉट: मान्य की अमान्य, हे सांगायचं कोणी?

प्रश्न असा आहे. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामना, दोन पंच, बोर्डाला वेळ संपल्यावर लागणारा लाल दिवा नाही. एका गुणाने मागे असलेल्या संघाने कोपऱ्यातून शॉट मारला, बझर वाजला, बॉल जाळीत पडला. एंडलाइनवरच्या पंचाने दोन गुण दिले, मागच्या पंचाने त्याच क्षणी बास्केट रद्द केली. मग दोन्ही बेंच मैदानात. यात खरा अधिकार कोणाचा होता? आणि तीन पंच असते तर तो कोणाकडे गेला असता?

आधी सरळ उत्तर. दोन पंच असतील तर वेळेचा निर्णय ट्रेलचा, म्हणजे हल्ल्याच्या मागे, मध्यरेषेच्या अंगाला असणाऱ्याचा. तीन पंच असतील तर टायमर (घड्याळ चालवणारा) आणि स्कोअरर बसतात त्या टेबलाच्या समोरच्या, म्हणजे पलीकडच्या साइडलाइनवर जो ट्रेल किंवा सेंटर (बाजूला उभा असणारा तिसरा पंच) असेल त्याचा. लीडचा, म्हणजे बास्केटखाली एंडलाइनवर उभ्या असलेल्याचा, दोन्ही पद्धतींत नाही. त्यामुळे तुमच्या सामन्यात एंडलाइनवरच्या पंचाचा हात वर जायलाच नको होता. शॉट त्याच्या कोपऱ्यातून, त्याच्यापासून चार मीटरवर झाला असला तरीही.

हे ‘तरीही’ बऱ्याच जणांना पटत नाही. जवळचा माणूस जास्त चांगलं बघणार, असं साधं गणित डोक्यात असतं. फाउलच्या बाबतीत ते बरोबर आहे, वेळेच्या बाबतीत नाही. वेळेचा निर्णय देणाऱ्याला दोन गोष्टी एकाच नजरेत पकडायच्या असतात: शूटरची बोटं आणि बोर्डाच्या कडेचा दिवा. आता लीड कुठे असतो ते बघा. तो एंडलाइनच्या बाहेर. बोर्डाचा दर्शनी भाग एंडलाइनपासून 1.20 मीटर आत आणि खालची कड जमिनीपासून 2.90 मीटर वर. म्हणजे दिवा लीडच्या डोक्यावर, त्यातही बोर्डाच्या मागच्या अंगाने, आणि शूटर समोर किंवा बाजूला. दिवा बघायला मान वर केली की बोटं गेली, बोटं बघितली की दिवा गेला. ट्रेलला मात्र शूटर आणि बोर्ड बहुतेक वेळा एकाच दिशेला मिळतात. अंतर जास्त असलं तरी चित्र एक असतं.

आता तीन पंचांकडे येऊ, कारण गंमत तिथे आहे. लीड आणि ट्रेल एका बाजूला, सेंटर दुसऱ्या बाजूला, साधारण फ्री थ्रो लाइनच्या सरळ रेषेत. बॉल बाजू बदलतो तसा लीड एंडलाइनवरून पलीकडे जातो. मग ज्या बाजूला लीड गेला तिथला सेंटर ट्रेल होतो आणि आधीचा ट्रेल सेंटर. नावं बदलली, पण ते दोघे आपापल्या साइडलाइनवरच राहिले. जबाबदारी ‘ट्रेलची’ अशी लावली असती, तर शेवटच्या सहा सेकंदांत लीडने एकदा बाजू बदलताच ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे उडी मारली असती, तीही दोघांच्या नकळत. ‘टेबलासमोरच्या बाजूची’ म्हटलं की रोटेशन होवो न होवो, माणूस तोच राहतो. ही बाजू निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे त्या पंचाला टायमर आणि टेबल समोर दिसतं. टेबलाच्या बाजूच्या पंचाच्या पाठीमागे दोन कोच, बदली खेळाडू आणि आरडाओरडा असतो. टेबलावर काय चाललंय हे बघायला त्याला मान वळवावी लागते, आणि शेवटच्या पाच सेकंदांत मान वळवणं परवडत नाही. अमेरिकेतल्या शालेय सामन्यांची तीन पंचांची पद्धतही हीच बाजू धरते.

एकच जागा अशी आहे की तिथे माणूस बदलतो: बॉल हिसकावला गेला तर. टेबलासमोर सेंटर असेल तर प्रश्न नाही, तो दुसऱ्या टोकालाही सेंटरच राहतो. पण टेबलासमोर ट्रेल आणि लीड असतील आणि चार सेकंद उरले असताना बॉल गेला, तर ट्रेल उलटा पळून नवा लीड होतो. लीड झाला म्हणजे त्याचा वेळेचा अधिकार संपला. तो आता जुन्या लीडकडे, म्हणजे नव्या ट्रेलकडे. हा बिचारा एंडलाइनवरून निघालेला असतो आणि ले-अप (पळत जाऊन बास्केटजवळून मारलेला शॉट) होईपर्यंत मध्यरेषेजवळ पोचला तरी खूप. इथे घाबरून अधिकार सोडायचा नाही. पंधरा-अठरा मीटर मागून शूटरचा हात आणि बोर्ड एका रेषेत दिसतात. अडचण अंतराची नसते, अडचण पाठीची असते: शूटरची पाठ बॉल झाकते. म्हणून सरळ मागून न पळता दोन पावलं आतल्या बाजूला सरकून, तिरकं पळायचं. तेवढ्याने खांद्याच्या बाहेर हात दिसायला लागतो. आणि अर्ध्या कोर्टाच्या मागून फेकलेला आशेचा शॉट असेल, तर तो नव्या ट्रेलच्या जवळपासच सुटतो. तिथे तोच सर्वांत चांगल्या जागी असतो.

सेंटरवर जबाबदारी असताना वेगळी अडचण येते. फ्री थ्रो लाइन एंडलाइनपासून 5.80 मीटर, बोर्ड 1.20 मीटर, म्हणजे सेंटर बोर्डाच्या पातळीपासून फक्त साडेचार मीटर पुढे आणि बाजूला साडेसात मीटर दूर. त्याला बोर्ड तीस अंशांच्या आसपास तिरका दिसतो, लाल पट्टी दबलेली दिसते. शेवटचे आठ-दहा सेकंद उरले की सेंटरने मध्यरेषेच्या दिशेने एक-दोन पावलं वर यावं, बोर्डाचं तोंड उघडतं. फार वर आला तर मात्र त्याच्या बाजूच्या कोपऱ्यातला शूटर आणि बोर्ड यांतलं अंतर वाढून एका नजरेत मावत नाही. दोन पावलं पुरे.

नजर कुठे ठेवायची हे सगळ्यांत जास्त चुकतं. घड्याळाकडे बघायचं नाही. आकडे बघणारा पंच 0.0 बघतो, मग बॉल शोधतो, आणि बॉल तेव्हा हवेत असतोच, कारण मधे पाव सेकंद गेलेला असतो. तो प्रामाणिकपणे चुकीची बास्केट देतो. नजर बॉल आणि बोटं जिथे मिळतात तिथे रोखायची आणि दिवा डोळ्याच्या कडेने येऊ द्यायचा. दिवा लागला त्या क्षणाचं चित्र डोक्यात गोठवायचं: बोटं बॉलला लागलेली होती की नव्हती? बॉल रिंगपर्यंत पोचला होता का, हा प्रश्नच नाही. हातातून सुटला की तो वेळेत आहे, मग हवेत कितीही वेळ राहो.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात बोर्डाला लाल दिवा असेल तर तो हॉर्नपेक्षा वरचढ आहे, आणि हे उगाच नाही. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. टेबलावरचा हॉर्न पंधरा मीटर पलीकडच्या पंचाला सुमारे 0.04 सेकंद उशिरा ऐकू येतो. एवढ्या वेळात व्हिडिओची एक फ्रेम होते, आणि वादग्रस्त शॉट बहुधा एक-दोन फ्रेमचेच असतात. त्यात हॉर्न हाताने दाबला जात असेल तर टायमरच्या बोटाचा उशीर वेगळा. बोर्डावर पिवळा दिवाही असतो, तो शॉट क्लॉकचा, म्हणजे एका हल्ल्यात शॉट मारायला मिळणाऱ्या वेळेचा. शॉट क्लॉक संपतो आणि गेम क्लॉकवर 1.2 उरलेले असतात तेव्हा आधी पिवळा लागतो. तिथे ‘दिवा लागला’ म्हणून सामना संपवणारे पंच कमी नाहीत. शेवटच्या अर्ध्या मिनिटात बॉलचा ताबा बदलला की मनाशी ठरवून टाका: या वेळी मला कोणता रंग येणार आहे?

तुमच्या सामन्यात दिवा नव्हता, आणि महाराष्ट्रातल्या सिमेंटच्या कितीतरी कोर्टांवर नसतो. तेव्हा कान वापरायचा, पण तयारी करून. सामन्याआधी हॉर्न वाजवून बघायचा, तो स्कोअरबोर्डाशी जोडलेला आहे की टायमर वेगळा दाबणार आहे हे विचारायचं. पंचांचा अधिकार सामन्याच्या वीस मिनिटं आधी सुरू होतो, तो वेळ याचसाठी आहे. हॉर्न बंद पडला किंवा ऐकू गेला नाही तर टायमरने मिळेल त्या मार्गाने लगेच पंचांना कळवायचं असतं. मग तो मार्ग आधीच ठरवा: उभं राहून हात वर, टेबलावर थाप, काहीही, पण एकच.

आता अधिकार एकाचा म्हणजे बाकीचे काय करतात? शेवटच्या शॉटमध्ये तीन वेगळे निवाडे असतात आणि ते तीन माणसांचे असू शकतात. वेळ हा एक. दोन की तीन गुण, पाय रेषेवर होता का, हा दुसरा; तो ज्याच्या क्षेत्रातून शॉट झाला त्याचा. धक्का लागला का, हा तिसरा; तोही क्षेत्रवाल्याचा, आणि बास्केटजवळ असेल तर लीडचा. वेळेच्या मागे सगळेच लागले की नेमका मनगटावरचा फटका कोणीच बघत नाही. लीडचं काम त्या वेळी सर्वांत घाणेरडं असतं: रिबाउंडची ढकलाढकली, आणि बॉल हवेत असताना रिंगजवळ कोणी हात घातला का यावर लक्ष. बॉल रिंगला लागून वर उडाला, बझर झाला, आणि अजून आत जायची शक्यता आहे, तर त्याला कोणीही हात लावायचा नाही. हा नियम खेळाडूंना माहीत नसतो, त्यामुळे उड्या पडतातच.

फाउल आणि वेळ एकत्र आले की दोन पंचांची माहिती जोडावी लागते. फाउल दिव्याआधी झाला, बॉल दिव्याआधी सुटला, आत गेला: बास्केट मान्य आणि एक फ्री थ्रो. फाउल दिव्याच्या बरोबर किंवा किंचित आधी, पण दिवा लागला तेव्हा बॉल अजून हातात, आणि तो आत गेला: बास्केट नाही, दोन किंवा तीन फ्री थ्रो. हा दुसरा प्रकार मैदानावर समजावणं महाकठीण, कारण बॉल आत गेलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून फाउल देणाऱ्याने शिट्टी वाजवून मूठ वर धरायची आणि थांबायचं. बास्केट मोजायची की नाही याची खूण घाईने करायची नाही. आधी वेळवाल्याकडे बघायचं. ही एक सेकंदाची शिस्त नसते तिथेच तुमच्यासारखे दोन उलटे इशारे निघतात.

म्हणूनच शेवटचं मिनिट सुरू झालं की, डेड बॉल असेल (खेळ थांबलेला असेल) तेव्हा, तिघांनी एकमेकांना बघायचं. ज्याच्याकडे शॉट आहे तो छातीवर हात ठेवतो: ‘माझा.’ बाकी दोघे मान हलवतात. बस, एवढंच. प्रत्येक क्वार्टरच्या शेवटी करायचं, फक्त चौथ्याच्या नाही. पहिल्या क्वार्टरचे दोन गुण काही वेगळ्या नाण्याचे नसतात. 2002 साली एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये लेकर्स विरुद्ध किंग्ज चौथ्या सामन्यात सामाकी वॉकरचा हाफ-टाइमच्या बझरचा तीन गुणांचा शॉट मान्य झाला. रिप्लेत दिसलं की बझरच्या वेळी बॉल हातातच होता. लेकर्स तो सामना 100–99 असा जिंकले. लोकांना आठवतो तो रॉबर्ट हॉरीचा शेवटचा शॉट. पण त्याला जिंकायला पुरेसं अंतर राहिलं होतं ते मध्यंतराच्या त्या तीन गुणांमुळे. पुढच्याच हंगामापासून एनबीएने बझरच्या शॉटसाठी रिप्ले आणला.

शेवटच्या दोन मिनिटांतला थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) ही फिबा नियमातली खास डोकेदुखी. चौथ्या क्वार्टरमध्ये 2:00 किंवा कमी उरले असताना आपल्या बॅककोर्टात (स्वतःच्या बास्केटकडच्या अर्ध्या कोर्टात) बॉल मिळालेल्या संघाने टाइम-आउट घेतला, तर तो पुढच्या कोर्टातून थ्रो-इन मागू शकतो. ती थ्रो-इन रेषा एंडलाइनपासून 8.325 मीटरवर, आणि टेबलाच्या समोरच्या साइडलाइनवर. म्हणजे बॉल देणारा पंच तोच, ज्याच्याकडे शेवटचा शॉट आहे. त्याने बॉल द्यायचा, पाच सेकंद मोजायचे, बचाव करणारा रेषा ओलांडतो का बघायचं, आत बॉलला पहिला स्पर्श झाला की हात खाली आणून घड्याळ सुरू करवायचं, आणि लगेच वळून बोटं व दिवा धरायचा. 1.5 सेकंद उरले असतील तर हे सगळं एका श्वासात. जबाबदारी टेबलाकडच्या सेंटरवर ढकलावी का? माझं मत: नाही. जागा बदलायला गेलात की गोंधळ वाढतो. पण सेंटरला दुसरं काम द्या, तो मनात मोजेल. पहिल्या स्पर्शापासून ‘एकशे एक, एकशे दोन’. टायमरचं बोट अडकलं आणि घड्याळ उशिरा सुटलं, तर दिवा खोटं बोलतो. तेव्हा सेंटरची मोजणी हाच आधार उरतो. एनबीएत पंचांच्या कमरेला घड्याळ सुरू करायचं बटण आणि शिट्टीला घड्याळ थांबवणारा मायक्रोफोन असतो, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टायमरचं बोट आणि देवाची कृपा.

याच थ्रो-इनला जोडून 0.3 चा नियम. फिबात थ्रो-इनवर किंवा शेवटच्या फ्री थ्रोच्या रिबाउंडवर बॉल पकडून शॉट मारायला घड्याळावर निदान 0.3 हवेत. 0.2 किंवा 0.1 असतील तर फक्त टॅप (न पकडता बॉल ढकलणं) किंवा सरळ डंक (वरून रिंगमध्ये कोंबणं), तोही 0.0 च्या आधी हात सुटला असेल तरच. एनबीएतही 0.3 ला पकडून मारता येतं. तिथे हा नियम 1990 च्या जानेवारीत निक्सच्या ट्रेंट टकरने 0.1 सेकंदात बॉल पकडून, वळून तीन गुणांचा शॉट मारला आणि बुल्सविरुद्ध सामना जिंकला त्यानंतर आला. अमेरिकी शालेय आणि कॉलेज नियमांत मात्र बरोबर 0.3 असतील तरी टॅपच. यूट्यूबवर अमेरिकी क्लिप बघून आलेला कोच इथे हमखास भांडतो. बॉल देण्याआधी वेळवाल्या पंचाने दोन्ही साथीदारांना बोटांनी किंवा शब्दांत सांगायचं: ‘फक्त टॅप’ किंवा ‘शॉट चालेल’. खेळाडूंनाही सांगितलं तर बिघडत नाही.

निर्णयाचा इशारा एकानेच आणि लगेच द्यायचा. मान्य असेल तर वर धरलेल्या हाताने गुण मोजायचे, तीनचे असतील तर दोन्ही हात. अमान्य असेल तर शिट्टी, आणि दोन्ही हात छातीसमोर कात्रीसारखे एकदा, ठळक. अर्धवट हलवलेला हात सगळ्यांत घातक: टेबल एक समजतं, बेंच दुसरं.

तरीही दोन इशारे निघालेच तर? तिघांनी (किंवा दोघांनी) मध्यरेषेजवळ यायचं, खेळाडूंपासून दूर, आणि मतं न मांडता दृश्य सांगायचं. ‘मला वाटतं सुटला होता’ हे मत. ‘हॉर्न ऐकला तेव्हा त्याची बोटं बॉलखाली होती’ हे दृश्य. पहिलं ऐकायचं वेळवाल्याचं. त्याला दिसलंच नसेल, मधे कोणी आडवा आला असेल, तर त्याने तसं मोकळेपणाने म्हणायचं. तेव्हाच दुसऱ्याची माहिती कामाची. क्रू चीफ, म्हणजे मुख्य पंच, टेबलावरच्यांनाही विचारू शकतो. टायमरला विचारताना प्रश्न नेमका: ‘हॉर्न वाजला तेव्हा तू बॉल बघत होतास की घड्याळ?’ बहुतेक वेळा उत्तर ‘घड्याळ’ असतं, आणि ते योग्यच आहे, त्याचं काम तेच. मग त्याला पुढे ताणायचं नाही. एकमत न झाल्यास शेवटचा शब्द क्रू चीफचा. तुमच्या सामन्यात ट्रेलला बोटं स्पष्ट दिसली असतील तर त्याचा ‘रद्द’ टिकायला हवा होता, क्रू चीफ लीड असला तरी. क्रू चीफचा अधिकार वाद मिटवण्यासाठी आहे, न पाहिलेल्या गोष्टीचा साक्षीदार होण्यासाठी नाही.

रिप्लेची सोय असेल तर आधी मैदानावर निर्णय द्यायचाच; ‘बघून सांगतो’ चालत नाही. स्पष्ट आणि निर्णायक चित्र मिळालं तरच तो बदलतो, चित्र धूसर असेल तर मैदानावरचाच कायम. एकच कॅमेरा बाजूने असेल आणि त्यात बोट व बॉल एकमेकांवर आले असतील, तर ते चित्र निर्णायक नाही, कितीही वेळा थांबवून पाहिलं तरी. रिप्ले असो वा नसो, क्रू चीफने स्कोअरशीटवर सही केली की पंचांचा त्या सामन्याशी संबंध संपतो. त्यामुळे शेवटच्या शॉटनंतर सहीची घाई नको, आणि ड्रेसिंग रूमकडे पळायची तर मुळीच नको. स्कोअरर बेरीज करेपर्यंत टेबलाजवळ उभं राहायचं, बॉल कोणा एकाच्या हातात ठेवायचा, आणि दोन्ही कर्णधारांना एका वाक्यात सांगायचं: ‘हॉर्नच्या वेळी बॉल हातात होता.’ त्यापुढे एक शब्दही नाही.